उसना शृंगार आणि समीक्षेचे मौन

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावातून निघणाऱ्या शोभायात्रेत नऊवारी नेसलेल्या, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर, डोळ्यांत काजळाची जाड रेघ आणि ओठांवर गडद लाली अशा थाटात मोटारसायकलवर स्वार झालेल्या स्त्रियांची छायाचित्रे दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत हटकून असतात. लग्नसराईत दादरच्या रानडे रोडवर हाच थाट सुटा-सुटा विकत मिळतो आणि प्रसाधनगृहांत ‘लावणी लूक’ या नावाने तो एकगठ्ठा चेहऱ्यावर चढवून मिळतो. या साऱ्याला ‘परंपरेचा गौरव’ म्हणण्याची रीत आता इतकी रुळली आहे की, कोणाच्या परंपरेचा आणि कोणी केलेला गौरव, हा प्रश्नच अप्रस्तुत वाटू लागावा. तो अप्रस्तुत नाही. या थाटातला बराच भाग, निदान त्याची ठसठशीत मांडणी, ठळक रेघ आणि पाहणाऱ्याची नजर अंगावर घेण्याची धिटाई, तमाशाच्या बोर्डावरून आली आहे. ज्या बायकांनी तो बोर्ड पिढ्यान् पिढ्या सांभाळला, त्यांचा या गौरवात उल्लेखही नसतो.

मुख्य प्रवाहातील फॅशनने परिघावरच्या समूहाचा शृंगार उचलणे ही काही केवळ मराठी घटना नव्हे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पंक संगीताच्या पोटातून गॉथ ही उपसंस्कृती निघाली. सूझी सू या गायिकेचा चेहरा आणि १९८२ साली लंडनच्या सोहो भागात सुरू झालेला ‘बॅटकेव्ह’ हा क्लब ही तिची ठळक चिन्हे. पांढराफटक चेहरा, काळे ओठ आणि डोळ्यांभोवती काजळाचे वर्तुळ हा या मंडळींचा शृंगार सुंदर दिसण्यासाठी नव्हता. ‘सुंदर’ या कोटीलाच नकार देण्यासाठी होता. तरीही पुढे तोच शृंगार मोठ्या फॅशनगृहांच्या मंचावर पुनःपुन्हा अवतरला आणि ‘गूढ’, ‘नाट्यमय’ अशी विशेषणे लावून विकला गेला. डिक हेब्डिज यांनी उपसंस्कृतीवरील आपल्या १९७९च्या ग्रंथात या प्रक्रियेचे दोन मार्ग सांगितले आहेत. एक, चिन्हाची विक्रेय वस्तू करणे. दुसरा, भेदक समूहाला निरुपद्रवी ठरवून प्रस्थापित अर्थव्यवहारात सामावून घेणे. नकाराची भाषा या दोन्ही मार्गांनी सजावटीची भाषा होते.

हेब्डिज यांची ही मांडणी तमाशाला जशीच्या तशी लावता येणार नाही, आणि ती तशी लावण्याचा आळस हाच मराठी सांस्कृतिक समीक्षेचा एक दोष आहे. गॉथ तरुण-तरुणी आपला शृंगार निवडतात. घरी जाऊन तो धुऊन टाकण्याची मुभा त्यांना तत्त्वतः तरी असते. संगीत बारीतल्या कोल्हाटी वा भातू समाजातील स्त्रीला ती मुभा नव्हती. तिचा शृंगार ही उपसंस्कृतीची शैली नव्हती. तो जातीने नेमून दिलेल्या व्यवसायाचा गणवेश होता. शर्मिला रेगे यांनी १९९५ साली लावणी कलावतींवरील निबंधात त्यांच्या लैंगिकतेचा वर्चस्ववादी विनियोग कसा होत आला ते दाखवून दिले. शैलजा पाईक यांनी २०२२च्या आपल्या ग्रंथात ‘अश्लील’ हा शिक्का तमाशातील दलित स्त्रियांवर जातिव्यवस्थेच्या बळानेच कसा बसतो, याची विस्ताराने चिकित्सा केली. या दोन्ही अभ्यासांनंतरही ‘लोककलेचे सौंदर्य’ असा भाबडा शब्दप्रयोग समीक्षेत निर्वेधपणे चालावा, हे खेदजनक आहे.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. नथ, नऊवारी, ठुशी, चंद्रकोर ही तमाशाची निर्मिती नव्हे. ती घरंदाज घरांतूनच बोर्डावर गेली. शिवाय आजचा लावणीचा ठरीव पोशाख बऱ्याच अंशी चित्रपटांनी घडवला आहे. मग तमासगिरिणीने जे स्वतः उसने घेतले ते गिरगावच्या गृहिणीने परत घेतले तर बिघडले कोठे? हा आक्षेप शुद्धतावाद्यांना निरुत्तर करणारा आहे आणि तसा तो करावाही. अस्सल, अस्पर्श असा मूळ शृंगार कोठे तरी होता आणि तो चोरीला गेला, ही कल्पना इतिहासात टिकत नाही. गॉथांचे काजळ तरी कोठे त्यांचे होते? मूकपटांच्या काळात थीडा बारा या अभिनेत्रीने १९१७ साली क्लिओपात्रा साकारताना डोळे काजळाने माखले, तेव्हा तिने पूर्वेची एक काल्पनिक प्रतिमाच चेहऱ्यावर ओढून घेतली होती. आणि ज्या काजळाने मराठी आई तान्ह्या मुलाला तीट लावते, तेच तिकडे मृत्यूचे चिन्ह झाले. चिन्हे प्रवास करतात. त्यांना जन्मदाखला मागणे व्यर्थ आहे.

पण या आक्षेपाने प्रश्न संपत नाही, तो नेमका होतो. प्रश्न चिन्हाच्या मालकीचा नसून किमतीचा आहे. एकच नथ दोन नाकांत दोन किमतींना पडते. गिरगावच्या स्त्रीने ती घातली की ती ‘सुसंस्कृत’ ठरते. बोर्डावरच्या स्त्रीने घातली की ती ‘तसली’ ठरते. घरंदाज स्त्रीचा अलंकार बोर्डावर गेला तेव्हा तो घालणारीची प्रतिष्ठा वाढली नाही. बोर्डावरचा थाट घरंदाज अंगावर आला तेव्हा मात्र त्यातला कलंक वाटेतच गळून पडला. कलंक गळतो तो थाटाचा, थाट वाहणारीचा नव्हे. ही असममिती हाच या विनियोगाचा गाभा होय. इंग्लंडमध्येही हेच दिसते. २००७ साली लँकशर परगण्यातील बेकप गावी वीस वर्षांच्या एका गॉथ तरुणीवर केवळ तिच्या वेशामुळे टोळक्याने हल्ला केला आणि त्यात तिचा मृत्यू झाला. त्याआधीही आणि त्यानंतरही तोच वेश फॅशनच्या मंचावर टाळ्या घेतच होता. वेशाची किंमत एकीने मोजावी आणि नफा दुसऱ्याने घ्यावा, असा हा व्यवहार आहे.

मराठीत या व्यवहाराचा सर्वांत क्रूर विरोधाभास नववधूच्या शृंगारात दिसतो. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली प्रसिद्ध झाले. ‘चिरा’ उतरल्यानंतर नाचणाऱ्या मुलीला लग्नाचा रस्ता बंद होतो, तिच्या मुलांना बापाचे नाव मिळत नाही, आणि सारे घर तिच्या पायांतल्या चाळांवर जगते, हे त्या आत्मकथनाने मराठी वाचकाला कायमचे सांगून ठेवले आहे. ज्या शृंगाराने एका स्त्रीला विवाहाच्या बाहेर ठेवले, तो शृंगार आज दुसरीच्या विवाहाचा सोहळा सजवतो. यात त्या नववधूचा दोष नाही. तिला हे कोणी सांगितलेलेच नाही. सांगण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते केले नाही.

चित्रपटाचा दाखला याहून बोलका आहे. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीवरील चित्रपट २०१० साली आला. एका पैलवान गड्याला तमाशाच्या वेडापायी नाच्या व्हावे लागते आणि डोळ्यांत काजळ घातल्याची किंमत त्याला घर, मान आणि देह यांच्या विटंबनेने मोजावी लागते, ही त्या कथेची शोकात्मिका. शृंगार किती महाग पडतो याचीच ती कथा आहे. प्रेक्षकांनी त्यातून उचलले काय? ‘अप्सरा आली’मधील साज. गुणाच्या चेहऱ्यावरचे काजळ कोणालाही नको होते. पुढे २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’तील ‘पिंगा’ या नृत्यावर वाद झाला, तेव्हा आक्षेप कोणता होता? पेशव्यांच्या घरातील स्त्रिया अशा नाचत नसत, हा. अर्थात नाचणे ही हलक्या स्त्रियांची गोष्ट आहे, हे गृहीतक दोन्ही पक्षांना मान्यच होते. वाद कुलस्त्रीच्या अब्रूचा झाला. नाचणारीच्या अब्रूचा विषय कोणाच्या मनातही आला नाही.

आता स्थळाचा विचार केला पाहिजे, कारण हा व्यवहार हवेत घडलेला नाही. मुंबईत तमाशाला आश्रय दिला तो गिरणगावाने. सातारा, सांगली, पुणे, अहमदनगरकडून आलेला गिरणी कामगार हा त्याचा प्रेक्षक. लालबागचे हनुमान थिएटर हे त्याचे हक्काचे ठिकाण. थिएटरातला तो प्रेक्षक आणि बोर्डावरची कलावती यांच्यातले नाते निष्पाप होते असे नव्हे. पुरुषी नजर तेथेही होतीच. परंतु तो प्रेक्षक तिला नावाने ओळखत होता, दौलतजादा करत होता, तिच्या पोटाशी त्याच्या पगाराचा प्रत्यक्ष संबंध होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप कधी अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही, गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या. प्रेक्षक गेला, थिएटर गेले. फिनिक्स मिलच्या जागी मॉल उभा राहिला आणि एके काळी साच्यांचा खडखडाट जेथे चाले तेथे काचेमागे लाली-काजळ मांडले गेले. लावणी उरली ती शिवाजी मंदिरासारख्या नाट्यगृहांत तिकीट काढून पाहण्याच्या ‘कार्यक्रमा’त. गिरणगावाने कलावती गमावली आणि त्याच भूमीवर तिचा थाट विक्रीला आला, या दोन घटना निरनिराळ्या नाहीत.

आणि समीक्षेचे काय? फॅशनला दोष देणे सोपे आहे. तिने कधी ज्ञानाचा दावा केलेला नाही. मराठी समीक्षेने मात्र केला आहे, आणि थाट देहापासून सोडवून घेण्याची युक्ती बाजाराच्या आधी तिनेच वापरली. पेशवाईतील शाहिरांच्या लावण्या संपादित झाल्या, त्यांतील शृंगाररसाची, प्रासाची, कल्पनाविलासाची चर्चा झाली. राम जोशी, होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर ही नावे अभ्यासक्रमात आली. ज्यांच्या कंठातून आणि देहातून ती रचना उभी राहिली त्या स्त्रियांची नावे टिपण्याची गरज कोणाला वाटली नाही. पठ्ठे बापूराव ‘कवी’ म्हणून वाङ्मयेतिहासात आले. पवळा मात्र त्यांच्या चरित्रातील एक प्रकरण होऊन राहिली. कलाकृतीची स्वायत्तता मानणाऱ्या रूपवादी भूमिकेने या विच्छेदाला तात्त्विक प्रतिष्ठा दिली. रूपाचा विचार रूपवाहकाशिवाय करता येतो, हे एकदा मान्य केले की ‘लूक’ ही कल्पना दूर राहत नाही. ‘लूक’ म्हणजे बाजाराने स्वीकारलेला रूपवादच होय. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती उठवली, तेव्हाही तत्त्व हेच होते: कला स्वच्छ करून घ्यावी, कलावतीचे काय ते तिने पाहावे.

उसनवारी नेहमी अशीच असावी लागते असे नाही. अण्णा भाऊ साठे यांनी १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले आणि तमाशाचा साचा लोकनाट्यासाठी वापरला. त्यांनीही गण-गौळणीत मोडतोड केली, परंपरा जशीच्या तशी ठेवली नाही. पण ज्या वस्तीतून ते रूप आले त्या वस्तीलाच, तिच्याच मजुरीचा आणि भुकेचा प्रश्न घालून, ते परत दिले. अलीकडे सावित्री मेधातुल यांच्या ‘नटले तुमच्यासाठी’ या २००८च्या माहितीपटाने आणि भूषण कोरगांवकर यांच्या ‘संगीत बारी’ या २०१४च्या पुस्तकाने कलावतींना नावानिशी बोलते केले. यावरून निकष स्पष्ट होतो. रूप कोणी घेतले हा निकष नव्हे. रूपाबरोबर ते वाहणारीचे नाव, श्रम आणि मोबदला आला की नाही, हा निकष आहे.

जॉर्ज झिमेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी फॅशनविषयी लिहिताना ती वरच्या वर्गाकडून खाली झिरपते, असे म्हटले होते. शृंगार खालून वर जातो तेव्हा काय होते, याचे उत्तर त्यांच्या सिद्धान्तात नाही. ते मराठी भाषेत मात्र आहे. मराठीत ‘उसने’ म्हणजे परत करायचे असते. वाटीभर साखर उसनी आणली तर वाटी रिकामी परत जात नाही, हा चाळीतला साधा शिष्टाचार गिरगावाला कोणी शिकवावा लागत नाही. लावणीचा शृंगार उसना घेणाऱ्या समाजाने वाटी अद्याप परत केलेली नाही, आणि वाटी कोणाकडून आणली हे नाव लिहून ठेवण्याचे जिचे काम, ती समीक्षा रसचर्चेत गढलेली आहे.