कादंबरीचा दाखला पुरे झाला

मुलांच्या हाती स्मार्टफोन उशिरा द्यावा, असे कुणी म्हटले की सभेत एखादा विद्वान हमखास उठतो आणि सांगतो की, एकेकाळी कादंबरीविषयीही हीच ओरड होती. पिढी बिघडेल म्हणत होते, बिघडली का? हा दाखला आम्ही साहित्याची माणसेच मोठ्या हौसेने देत आलो आहोत. तो फसवा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कादंबरी संपते. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही ‘करमणूक’मधून क्रमशः येत असताना वाचकाला पुढच्या अंकापर्यंत वाट पाहावी लागे, आणि त्या वाट पाहण्यातच वाचन मुरत असे. सोशल मीडियाच्या पडद्याला तळ नाही. तो बुद्ध्याच तसा घडविलेला आहे. शिवाय कादंबरी वाचकाला वाचत नाही. बारा वर्षांची मुलगी कोणत्या चित्रावर किती क्षण थबकली, हे हरिभाऊंना कळत नव्हते आणि त्यावरून तिच्यापुरते पुढचे प्रकरण ते बदलूनही देत नव्हते. येथे मात्र नेमके तेच घडते. अशा यंत्रापुढे मुलाला बसवून त्याला संयम शिकविणे ही क्रूर थट्टा आहे.

‘पण ज्ञानाचे दालन उघडते!’ उघडते खरे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी.

मग पालकांनी आवरावे, असा उपदेश होतो. एकट्या घराने फोन नाकारला की ते मूल मित्रांतून उठते, कारण सारी मैत्री तिकडेच गेलेली असते. २०२० च्या टाळेबंदीपासून गृहपाठही तिकडेच गेला, आणि तो तेथे आम्ही शिक्षकांनीच नेला, हेही कबूल करायला हवे. म्हणून आम्हांला सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव महत्त्वाचे वाटते. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून तेथे सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद राहू लागले. भोंगा साऱ्या गावासाठी वाजतो, त्यामुळे कुठलेही मूल एकटे पडत नाही. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना सोशल मीडियावर खाते ठेवण्यास मनाई केली, तीही सर्वांसाठी एकच. आणि दंड ठेवला तो मुलांना वा पालकांना नव्हे, कंपन्यांना. मुले पळवाटा काढतील. काढोत, चोरून वाचलेल्या पुस्तकांचे आम्हांला कौतुकच आहे, पण चोरून करावे लागणे आणि घरानेच हाती देणे यांत अंतर आहे.

एक आक्षेप मात्र आम्हांला खरोखर अडवितो. आपल्याकडे ‘फोन नको’ हे वाक्य बहुधा मुलीलाच ऐकविले जाते, आणि तिच्या हिताच्या नावाखाली तिचे जग आवळले जाते. आमची मागणी त्या वाक्याच्या पंगतीला बसणार असेल, तर ती आम्ही मागे घेऊ. दहावी होईपर्यंत मुलगा असो वा मुलगी, बोलण्यापुरता साधा फोन दोघांनाही. आणि त्यानंतर मुलीच्या फोनवर भावाचा पहारा नको.

तोवर आमच्यापैकी जे शाळांतून शिकवितात, त्यांनी येत्या जूनपासून गृहपाठ पुन्हा फळ्यावर लिहावा. खडू अजून मिळतो.