धनगरांचा फिरता वाडा

मंगोलियातील मेंढपाळांचे लोकरी तंबू पाहण्यास दूरदूरचे प्रवासी जातात. मग शिरूर-दौंडच्या माळावर उतरलेल्या धनगरांच्या फिरत्या वाड्याकडे लोकांनी पाठ का फिरवावी? घोड्यावर बिऱ्हाड लादून चालणारा धनगर निरुद्देश भटकत नाही. पावसाळा सरताच तो चाऱ्यासाठी कोकणाकडे उतरतो व मृगाच्या सुमारास देशावर परततो. वाटेत तो शेतांत मेंढरे बसवितो. लेंडीखताने जमीन कसदार होते आणि शेतकरी मोबदल्यात धान्य देतो. आज ऊस व कारखाने यांमुळे माळ आक्रसले आहेत. मंगोलियाच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालक यांचे म्हणून घोषित केले. परंतु मेंढरांच्या वाटा मोकळ्या ठेवणे आणि वाड्यावरील मुलांना शाळेत सामावून घेणे, हाच त्यांचा खरा सन्मान होय.