भाव पुण्याचा, माती वाशीमची

पुण्यात राहणाऱ्या नणंदेनं फ्लॅटचं काम करून घेतलं की फोनवर आकडा कळतो आणि इकडे हिशेब सुरू होतो, ‘तिकडे एवढे लागले, म्हणजे आपल्याकडे निम्म्यात होईल.’ गावात मजुरी कमी, म्हणून खर्चही कमी, असं आपण धरून चालतो. मैत्रिणींनो, हे अर्धंच खरं आहे.

सामान कुठून येतं ते बघा. सिमेंटचे मोठे कारखाने चंद्रपूर-गडचांदूरकडे, टाइल्स बहुतेक गुजरातमधल्या मोरबीच्या. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, तरी मानोरा किंवा रिसोडच्या खेड्यापर्यंतचं भाडं आणि हमाली आपल्याच माथी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. तो फायदा मिळाला की नाही, हे पक्क्या बिलावरच कळतं. म्हणून बिल मागून घ्या.

दुसरी गोष्ट हंगामाची. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी, त्यामुळे भाव चढतो. सोयाबीनच्या सोंगणीत मजूर मिळत नाही. दिवाळीनंतर पैसा हाती आला की सगळं गाव एकदमच काम काढतं आणि मिस्त्री तारखा देत बसतो. उन्हाळ्यात काढावं, तर प्लास्टरवर आठवडाभर मारायला पाणी कुठून आणायचं? पिण्याच्या पाण्याचीच मारामार, मग टँकर विकत घ्या! त्यातल्या त्यात जानेवारी-फेब्रुवारी बरे. रेती आणि विटा आधीच भरून ठेवल्या तर आणखी बरं.

पण आपला सगळ्यात मोठा खर्च मातीचा आहे. कापूस-सोयाबीन पिकवणारी ही काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरचा पाया हलतो, भिंतीला भेगा पडतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग दिसली की समजावं, दुखणं खाली आहे. त्यावर प्लास्टर आणि रंग चढवला तर वर्षा-दोन वर्षांत भेग पुन्हा हजर! पुण्याच्या हिशेबात हा खर्च नसतो, म्हणून आपणही तो धरत नाही.

बचत गटाच्या बैठकांत मी हेच पाहते. बाई कर्ज उचलते, घरात चकचकीत टाइल्स बसतात, पाहुणे कौतुक करतात. हप्ते चालू असतानाच भिंत पुन्हा उकलते आणि दुसऱ्या कर्जाची गोष्ट निघते. हप्ता मात्र तिलाच भरायचा असतो.

म्हणून कामाचा क्रम बदला. आधी छताचं आणि न्हाणीचं पाणी पायाजवळ मुरू देऊ नका. पाइप टाकून ते लांब काढा. घराभोवती मुरूम दाबून, बाहेर उतार देऊन सिमेंटचा पट्टा करा. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा आणि एक पावसाळा-उन्हाळा जाऊ द्या. भेग वाढली तर इंजिनीअरला दाखवा, नाही वाढली तर बुजवा. टाइल्स आणि रंग त्यानंतर.

आणि अंदाजपत्रक ठरताना चहा देऊन आत जाऊ नका. वही घेऊन तिथेच बसा. भाडं, हमाली, पाणी, पाया असे चार रकाने पाडा आणि मिस्त्रीकडून प्रत्येकाचा आकडा घ्या. कर्ज किती उचलायचं, ते त्यानंतर ठरवा.