भूकंपाच्या दोन वर्षं आधी

बायबलमधलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक पहिल्याच वाक्यात आपला काळ सांगतं. यहूदात उज्जीया राजा होता, इस्राएलात यराबाम, आणि भूकंप व्हायला अजून दोन वर्षं होती. राजांच्या नावावरून काळ सगळेच सांगतात. भूकंपावरून सांगायचा तर तो ऐकणाऱ्याच्या घराघरात लक्षात राहिलेला असावा लागतो, आणि हा राहिला होता. पिढ्या उलटल्यावर जखऱ्याच्या पुस्तकातही उज्जीयाच्या दिवसांत माणसं जीव घेऊन कशी पळाली होती, याचा उल्लेख येतो. गालीलातल्या हासोर इथल्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातल्या कललेल्या, कोसळलेल्या भिंती निघाल्या. त्या याच भूकंपाच्या असाव्यात, असं अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात.

आमोसचं ते पहिलं वाक्य हिंगोली जिल्ह्यात बसून वाचताना नुसती माहिती राहत नाही. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी इथे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि दहा-अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. त्याच वर्षी १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. त्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातला रामेश्वर तांडा. नांदेड-परभणीपर्यंत जमीन हलल्याचं जाणवलं. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे भागात तर गेली काही वर्षं जमिनीतून गुरगुर ऐकू येते आणि माणसं लेकरं उचलून अंगणात येतात. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं लोकांना सांगितलं, की पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड उतरवून घ्या. सूचना बरोबरच होती. पण ते दगड तिथे का असतात हे इथल्या कुणालाही विचारा. वैशाखातल्या वावटळीत पत्रा उडून शेजारच्या वावरात जाऊ नये, म्हणून ते ठेवलेले. दगड ठेवावा तर हादरा बसल्यावर तो खाली झोपलेल्या लेकराच्या डोक्यात येणार, काढावा तर छप्पर जाणार. ज्याच्या घरावर स्लॅब आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही.

प्रत्येक धक्क्यानंतर मोबाईलवर संदेश फिरतात. शेवट जवळ आला, पाप वाढलं, देव कोपला. आम्हा ख्रिस्ती मंडळींतही हे चालतं. प्रकटीकरणाच्या पुस्तकातली चिन्हं बातम्यांशी जुळवून दाखवणारी प्रवचनं होतात आणि माणसं भिऊन रात्रभर प्रार्थनेला बसतात. प्रार्थनेला बसण्यात काहीच वाईट नाही. पण न्यायाच्या नावाखाली जे सांगितलं जातं, ते संदेष्ट्यांनी सांगितलेलं नाही, आणि हे आमच्याच लोकांना आधी सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आमोसही जमीन थरथरेल म्हणतो. दुष्काळ, तांबेरा, टोळधाड यांचा हिशेबही तो मांडतो. ही वाक्यं लपवायची गरज नाही. पण तो कुणापुढे बोलतो आहे ते बघा. इस्राएलातल्या शोमरोनमधल्या हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्यांपुढे, कळपातलं कोवळं कोकरू निवडून खाणाऱ्यांपुढे, आणि तेही भूकंपाच्या दोन वर्षं आधी, अजून काही बदलता येत होतं तेव्हा. शोमरोनच्या उत्खननात हस्तिदंताचे कोरीव तुकडे खरोखरच सापडले आहेत. ज्यांचं घर पडलं त्यांच्या ढिगाऱ्यावर उभं राहून 'मी सांगितलं होतं' म्हणणारा आमोस त्या पुस्तकात कुठेच नाही.

मराठवाड्याला हा फरक कळायलाच हवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. पहाटे चारच्या सुमाराला भूकंपानं किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्यांना मारलं ते दगड-मातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्यानं. ती माणसं पुण्या-मुंबईच्या माणसांहून जास्त पापी होती का? येशूनं स्वतःच हा प्रश्न शिलोहाच्या बुरुजाबद्दल विचारला होता. बुरूज पडून अठरा माणसं दगावली होती. त्याचं उत्तर त्यानंच स्पष्ट 'नाही' असं दिलं आणि ऐकणाऱ्यांनाच स्वतःकडे बघायला लावलं. मेलेल्यांच्या पापाचा पंचनामा त्यानं केला नाही. ज्याला भविष्यवाणी सांगायची हौस आहे, त्यानं लूकचा तेरावा अध्याय आधी वाचावा.

मग आमोसच्या लेखी न्याय कशाचा? काट्याचा. त्याच्या आठव्या अध्यायातले व्यापारी शब्बाथ मोडत नाहीत, चंद्रदर्शनाचा सणही पाळतात. दुकानं बंद ठेवतात. पण दुकान बंद असताना मनात एकच घोर असतो, सण कधी संपतो आणि धान्य कधी विकायला काढतो. धान्याचं माप लहान करायचं, चांदी तोलायचं वजन जड ठेवायचं, तराजू खोटा धरायचा आणि गव्हाबरोबर मातेरंही विकायचं. सत्तावीसशे वर्षांपूर्वीच्या धर्मग्रंथात मातेरं येतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. देवाच्या कोर्टात मूर्तीच्या आधी, मंत्राच्या आधी, गव्हातला केरकचरा पुराव्याला येतो.

आपल्याकडे हळदीचा हंगाम मार्च-एप्रिलात जोर धरतो. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात लांबून हळद येते. आठ-नऊ महिने जमिनीत जपलेली, काढून शिजवलेली, वाळवलेली, ढोलात घालून घासलेली कांडी शेतकरी पोत्यात भरून आणतो. घेणारा पोत्यात हात घालून तळातली कांडी काढतो आणि मोडतो. वाळलेली असेल तर ती खणकन वाजते. ओल असेल तर आवाज दबतो. त्या आवाजावर भाव ठरतो. ही परीक्षा खरी आहे आणि प्रामाणिक व्यापारी ती प्रामाणिकपणे करतो. असे व्यापारी आपल्या जिल्ह्यात आहेत. पण कोणत्याही बाजारात, कोणत्याही मालाला, ओलीची घट, मातेऱ्याची घट, पोत्याच्या वजनाची वजावट असं करत करत पट्टीवरचा आकडा घसरत जातो, तेव्हा पट्टी वाचता न येणारा माणूस गप्प उभा असतो. आमोस त्याच्या बाजूला उभा राहतो. पूजेचा प्रश्न त्याच्या पुस्तकात इथे सुरू होतो, मंदिराच्या पायरीवर नाही.

दुसऱ्या अध्यायात याहून जवळचं एक चित्र आहे. गरिबाकडून गहाण घेतलेली पांघरुणं अंथरून माणसं वेदीशेजारी बसली आहेत. मोशेच्या नियमशास्त्रात गहाण घेतलेलं पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत द्यायला सांगितलं होतं, कारण रात्री त्याच्याकडे दुसरं काही नसतं. म्हणजे तिकडे एक माणूस उघडा कुडकुडतो आहे आणि इकडे त्याच्याच पांघरुणावर बसून भक्ती चालली आहे. देवाला त्या भक्तीतलं गाणं नको झालं, वाद्य नको झालं, ते या पांघरुणामुळे. गाणं बेसूर होतं म्हणून नव्हे.

आमोस इस्राएलातल्या बेथेलला हे बोलला तेव्हा तिथला याजक अमस्या त्याच्यावर चालून आला. हे राजाचं पवित्रस्थान आहे, तू तुझ्या यहूदात जा आणि तिथे पोट भर, असं त्यानं बजावलं. आमोसचं उत्तर साधं होतं. मी धंदेवाईक संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही. मेंढरं राखतो आणि उंबरं पिकवतो. त्या भागात उंबराच्या जातीची ती फळं पिकावीत म्हणून एकेक टोचावी लागत. असं हातकाम करणारा माणूस राजाच्या देवळात उभा राहून बोलतो आणि त्याला दाराबाहेर काढतात.

हिंगोलीच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. कयाधूकाठच्या नर्सीत, परंपरेप्रमाणे १२७० साली, शिंप्याच्या घरात नामदेव जन्मले. औंढ्याच्या नागनाथापुढे त्यांचं कीर्तन पुजाऱ्यांना खपलं नाही, त्यांना देवळामागे जायला सांगितलं, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं, ही कथा इथलं लहान पोरही सांगतं. नंदी मागच्या बाजूला आहे तो त्यामुळेच, असं भाविक दाखवतात. मी ख्रिस्ती आहे, तरी या कथेपुढे मान झुकते. कारण देवळानं कुणाकडे तोंड करावं हा प्रश्न बेथेलच्या दारात जसा होता तसाच औंढ्याच्या दारात होता, आणि दोन्हीकडे उत्तर एकच आलं: बाहेर काढलेल्या माणसाकडे.

आता आमच्या मंडळीतली एक गोष्ट. मलाखी हे जुन्या करारातलं शेवटचं पुस्तक आमच्या व्यासपीठांवरून फार वाचलं जातं. त्यातही तिसऱ्या अध्यायाचं दहावं वचन, जिथे दशमांश भांडारात आणायला सांगितलंय. दान मागताना हे हमखास येतं. पण त्याच अध्यायात पाच वचनं आधी देव साक्षीदार होऊन न्यायाला येतो, तो मजुराची मजुरी दाबणाऱ्यांच्या, विधवा आणि पोरक्यांना छळणाऱ्यांच्या, परक्याचा हक्क मारणाऱ्यांच्या विरुद्ध. पाचवं वगळून दहावं वाचायचा अधिकार कुणालाही नाही. पहिल्या अध्यायात लोक वेदीवर लंगडं, आंधळं, आजारी जनावर आणतात तेव्हा मलाखी त्यांना विचारतो, हेच तुमच्या सुभेदाराला नेऊन द्याल का? मजुरी बुडवून आणलेला दशमांश त्या लंगड्या जनावराहून चांगला नाही. यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय उपासाबद्दल हेच सांगतो. उपासाच्या दिवशी आपल्या कामकऱ्यांना राबवून घेणाऱ्यांना तो विचारतो, की असा उपास देवानं मागितला होता का?

आध्यात्मिक जागृती हा शब्दही आम्ही सैल वापरतो. महाराष्ट्रात खरी जागृती झाली ती १९०५ च्या जूनअखेरीस, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये. आधी प्रार्थनेचे गट जमले, मग मुली रडल्या, पापं कबूल केली, आणि टोळ्या करून गावोगावी सुवार्ता सांगायला निघाल्या. सभांमध्ये हा प्रसंग भावनेनं सांगतात. पण तिथे प्रार्थना करणाऱ्या मुली कोण होत्या? त्यांतल्या कितीतरी १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळातून रमाबाईंनी आणलेल्या होत्या. स्वतः रमाबाईंनी तरुणपणी उपासमारीत आईवडील आणि बहीण गमावली होती. म्हणून त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. त्यांना जेवू घातलं, विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम शिकवलं, अंध मुलींना ब्रेल शिकवलं, छापखाना चालवला. हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करायचं काम रमाबाईंनी १९२२ साली जीव जाईपर्यंत सोडलं नाही, आणि ते छापलं त्याच छापखान्यात, तिथल्या बायकांच्या हातांनी. अन्न आधी आलं, अश्रू नंतर. हा क्रम बदलून जागृती आणायचे प्रयत्न मी पाहिले आहेत. मंडप निघाला की ते विरतात.

आमोसचं पुस्तक संपतं ते आशेवर, आणि ती आशा वाचताना मी दर वेळी थांबतो. नव्या दिवसांच्या त्या चित्रात मंदिर नाही, याजक नाही, यज्ञ नाही. पडलेली झोपडी पुन्हा उभी राहते, तिची भगदाडं बुजतात. पीक इतकं येतं, की कापणाऱ्याला नांगरणारा गाठतो. उजाड गावं वसतात. ज्यांनी मळे लावले तेच त्यांचं फळ खातात. आणि शेवटचं वचन असं, की आपल्या भूमीत लावलेली माणसं पुन्हा तिथून उपटली जाणार नाहीत.

आपल्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर तांड्यातांड्यांतून उपटली जाणारी माणसं आहेत. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये भांडी, पांघरुणं, शेळी आणि लेकरू चढवून ऊसतोडीला जातात. मागे कुलूपबंद घरं आणि म्हातारी माणसं राहतात. शाळेच्या पटावरची मुलं फडात असतात. उचल फिटली की नाही हे मुकादमाची वही सांगते आणि ती वही उचल घेणाऱ्याच्या हातात नसते. आमोसनं पायताणाच्या एका जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांबद्दल जे लिहिलं, ते समजायला आपल्याला शोमरोनला जावं लागत नाही. येत्या दसऱ्याआधी आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मंडळीनं, देवस्थानानं, कीर्तनकारानं आणि मशिदीच्या कमिटीनं आपल्या गावातून ऊसतोडीला कोण जातं, त्यांची उचल किती, वही कुणाकडे, आणि लेकरं हंगामी वसतिगृहात राहतील की फडात जातील, एवढं तरी विचारून लिहून काढावं. ट्रॅक्टर निघायच्या आधी. निघाल्यानंतर विचारून उपयोग नाही.