फरारी मनुष्य आणि आपले कर्तव्य

गावात पोलीस एखाद्या फरारी आरोपीचा शोध करू लागले, की दोन प्रकारची माणसे दृष्टीस पडतात. काही त्यास गुपचूप भाकरी पोचवितात. काही तो सापडताच ठेचून काढण्याची भाषा बोलतात. हे दोन्ही मार्ग न्यायाच्या आड येतात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपला परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. याच राज्याच्या मुलखात १८७९ साली वासुदेव बळवंत फडके आश्रयास आले होते. त्यांस पकडून देणाऱ्यास इंग्रज सरकारने इनाम लाविले होते. अखेर जुलै महिन्यात ते विजापूरकडील देवर नावडगी येथे पकडले गेले व पुण्यास खटला उभा राहिला. सरकारच्या लेखी ते दरोडेखोर व राजद्रोही. अशा वेळी गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. जन्मठेप टळली नाही. परंतु आरोपीची बाजू ऐकल्यावाचून न्याय होत नाही, हा धडा काकांनी घालून दिला. त्याच फडक्यांस आज देश आद्य क्रांतिकारक म्हणून वंदन करितो.

प्रत्येक फरारी फडके नसतो, हे खरे. खुनी वा दरोडेखोर यांस जाणूनबुजून लपविणे हा गुन्हाच होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे न्यायालय जाहीरनामा काढून आरोपीस हजर होण्यास निदान ३० दिवसांची मुदत देते. तो जाहीरनामा गावात वाचून दाखवितात व घरावर लावितात. मालमत्ताही जप्त होऊ शकते. गंभीर गुन्ह्यातील घोषित फरारी आलाच नाही, तर त्याच्या गैरहजेरीत खटला चालविता येतो. मात्र त्यास वकील नसल्यास तो सरकारी खर्चाने द्यावा लागतो. पळालेल्याचीही बाजू मांडली जावी, हीच काकांची दृष्टी होय.

पण तो कागद ज्या दारावर लागतो, त्या दाराआड मुलेही राहतात. उद्या ती आपल्याच वर्गात येतील. त्यांस 'फरारीचे पोर' म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने कोणास दिलेला नाही. पालकहो, ठाऊक असेल ते पोलिसांस निर्भयपणे सांगा व निवाडा न्यायाधीशावर सोपवा. आणि विद्यार्थिमित्रहो, त्या मुलास आपल्या बाकावर जागा द्या.