आधी आरसा, मग बटण

गाडीवर ज्याचे पोट आहे, त्याला साईडचा आरसा म्हणजे पाठीमागचा डोळा. वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर येथे आपल्या वस्त्यांतील कितीतरी तरुण जुनी गाडी घेऊन भाडे मारतात. नव्या गाडीचे आरसे बटण दाबताच मिटतात, हे ते रोज पाहतात. तशी सोय जुन्या गाडीला होते काय? होते. मात्र खिशातला पैसा सुटण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्याव्यात, असे आम्हाला वाटते.

ही सोय मुळात जपानची. तेथे १९८३ पर्यंत आरसे बॉनेटच्या दोन अंगांना असत. त्या वर्षी ते दारावर बसवण्याची मुभा मिळाली आणि १९८४ मध्ये निस्सानच्या लॉरेल गाडीला विजेवर मिटणारे आरसे आले. आपल्याकडे मात्र कितीतरी मारुती ८०० गाड्या डाव्या आरशाशिवायच कारखान्यातून बाहेर पडल्या. म्हणून आम्ही आधी विचारतो, तुमच्या गाडीला डावा आरसा आहे काय? आणि असला, तर तो उघडा असतो काय?

उजवा आरसा खिडकीतून हात काढून मिटवता येतो, उघडता येतो. डाव्यापर्यंत एकट्या ड्रायव्हरचा हात पोचत नाही. गर्दीत घासू नये म्हणून तो मिटवला जातो आणि पुढे मिटलेलाच राहतो. डावीकडून येणारा सायकलवाला, शाळेतली पोर मग दिसणार कशी? ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झालेला समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. तेथे ओव्हरटेक करून पुन्हा डाव्या लेनमध्ये येताना हाच आरसा जीव वाचवतो. म्हणून दोन्ही बाजूंचे पैसे नसतील, तर डाव्या बाजूचेच काम करावे. उजव्याला हात आहे.

आता खरेदी. 'इलेक्ट्रिक आरसा' एवढ्या शब्दावर विश्वासू नये. काच वर-खाली करणारी मोटर वेगळी आणि अख्खा आरसा मिटवणारी मोटर वेगळी. दुकानातच बॅटरी लावून मिटवून पाहावा. आपल्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराचा आरसा मिळाला तर दारावर नीट बसतो. दुसऱ्या गाडीचा घेतला तर पत्रा कापावा लागतो, पुढे तेथून पाणी शिरते.

आरशाच्या बुडाशी छोटी मोटर व दातेरी चाके असतात. तिला दोन तारा. प्लस-मायनस उलटे केले की मिटलेला आरसा उघडतो. टोकाला पोचल्यावर प्रवाह आपोआप तुटला पाहिजे, नाहीतर मोटर जळते. ही सोय आरशात आहे की वेगळी बसवावी लागेल, ते आधी विचारावे. बटण बसवल्यावर आरसा हाताने ढकलण्याची सवय सोडावी, दात झिजतात.

खरा धोका वायरिंगचा. दार उघडते-मिटते तेथे रबरी नळीतून तारा जातात. दार हलले की त्याही वाकतात. कडक तार तेथे तुटते, सोललेली तार पत्र्याला लागून शॉर्ट होते. म्हणून लवचीक तार, पक्का जोड आणि वीज जेथून घेतली तेथेच फ्यूज, एवढे मागून घ्यावे. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळणाऱ्याला हात लावू देऊ नये. गाडी पेटली तर कर्जाचा हप्ता राहतो आणि रोजी जाते.

आम्ही हिशेबाची माणसे. आमच्या वहीत दोन रकाने असतात, गरज आणि हौस. डावा आरसा, चांगले ब्रेक, चांगले टायर हे पहिल्या रकान्यात. ते भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. पण ज्याला दिवसातून दहा वेळा अरुंद गल्लीतून जावे लागते, किंवा जी आपली बहीण एकटी गाडी चालवते, तिच्या वहीत हे बटण गरजेच्याच रकान्यात बसते. कामाची पक्की पावती घ्या, जुना आरसा परत मागून घ्या.

आणि वाचक बंधू-भगिनींनो, बटण बसवले म्हणून आरसा आपणहून पाहत नाही. किल्ली फिरवली की आधी दोन्ही आरसे उघडा, मगच गिअर टाका.