निवेदन : ग्रंथालयाच्या डेटाबेसची संपूर्ण तपासणी व दुरुस्ती होण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारी मंडळाचे सन्माननीय सदस्य,
सार्वजनिक ग्रंथालय

विषय : सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यानंतर बिघडलेल्या नोंदी, वाचकांवर आकारलेले विलंब शुल्क आणि कर्मचाऱ्यांना दिलेली ज्ञापने

माननीय महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे दाखल, देवघेव व संदर्भ विभागांतील कर्मचारी हे निवेदन सादर करीत आहोत. सर्व्हर पुन्हा सुरू झाला म्हणून हा विषय मिटला, असे मंडळाला कळवण्यात आले आहे. रोज खिडकीवर बसणाऱ्या आम्हाला मात्र तो मिटलेला दिसत नाही, आणि जितका उशीर होईल तितका तो वाढत जाणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. सिस्टीम बदलण्याला आमचा विरोध नव्हता आणि आजही नाही. आपल्या सर्व्हरवरील उबुंटू १८.०४ या लिनक्स सिस्टीमचा नेहमीचा आधार २०२३ मध्ये संपला होता. पोस्टग्रेस १० या डेटाबेसचा आधार तर नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला. बदल आवश्यकच होता. तक्रार आहे ती बदलापूर्वी रंगीत तालीम आणि बदलानंतर तपासणी न झाल्याबद्दल.

दिवाळी अंकांची देवघेव ऐन भरात असताना एका रात्रीत १८.०४ वरून २०.०४ आणि तेथून २२.०४ असा प्रवास करण्यात आला. सकाळी एकाही संगणकावर नोंद उघडेना. जुन्या डेटाबेसचा प्रोग्राम बदलाच्या ओघात काढला गेला होता. नव्या सिस्टीमसोबत पोस्टग्रेस १४ बसले होते आणि त्याने ५४३२ हा नेहमीचा पोर्ट सोडून दुसरा धरला होता. त्या पोर्टकडे बोट दाखवताच पडद्यावर रिकामा डेटाबेस आला. त्यात वाचक नव्हते, पुस्तकेही नव्हती. जुनी डेटा-फाइल १४व्या आवृत्तीला जोडून पाहिली, तर तिने ती नाकारली, कारण पोस्टग्रेसच्या मुख्य आवृत्त्या एकमेकींच्या फाइली थेट उघडत नाहीत. शेवटी नव्या सिस्टीमवर १०वी आवृत्तीच पुन्हा बसवून जुनी फाइल सुरू करण्यात आली. पडद्यावर पुस्तके दिसली आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

खरा बिघाड त्यानंतर सुरू झाला. लिनक्समध्ये शब्दांचा व अंकांचा क्रम ग्लिबसी नावाची मूलभूत लायब्ररी ठरवते. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या तिच्या २.२८ या आवृत्तीने क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. उबुंटू १८.०४ मध्ये २.२७ होती, २२.०४ मध्ये २.३५ आहे. म्हणजे आपण ती सीमा ओलांडून आलो. एक उदाहरण देतो. जुन्या नियमात ‘११’ आधी आणि ‘१-१’ नंतर येत असे. नव्या नियमात ‘१-१’ आधी येतो. आपल्याकडे खरेदीच्या पुस्तकांचे दाखल क्रमांक सलग आहेत, तर देणगी-संग्रहांतील पुस्तकांचे क्रमांक डॅश घालून दिलेले आहेत. त्यामुळे नेमका हाच फरक आपल्या नोंदींच्या मुळावर आला.

जुन्या तालिका पेट्या आठवल्या तर हे सहज ध्यानात येईल. एका ग्रंथपालाने ‘ज्ञानेश्वरी’चे कार्ड वर्णमालेच्या शेवटी, ‘ज्ञ’च्या खणात लावले. त्याच्या जागी आलेला दुसरा ग्रंथपाल ते ‘ज’च्या खणात शोधतो. कार्ड पेटीत आहे, पण त्याला सापडत नाही. म्हणून तो प्रामाणिकपणे नवे कार्ड लिहून ‘ज’मध्ये लावतो. डेटाबेसचा इंडेक्स ही अशीच पेटी आहे. ती जुन्या नियमाने लावलेली आहे आणि आता नव्या नियमाने वाचली जात आहे. पुस्तकांच्या मूळ नोंदी शाबूत आहेत, पण त्यांच्यापर्यंत नेणारी वाट चुकली आहे.

परिणाम आम्ही रोज पाहतो. कपाटात असलेले पुस्तक संगणकावर ‘उपलब्ध नाही’ दिसते. एकच दाखल क्रमांक दोनदा नोंदवला जातो आणि संगणक हरकत घेत नाही, कारण क्रमांक आधीपासून आहे की नाही हे तो त्याच चुकलेल्या पेटीत पाहतो. वाचकाने परत केलेले पुस्तक दुसऱ्या नोंदीवर जमा होते आणि पहिल्या नोंदीवर विलंब शुल्क चढत राहते. वर्षानुवर्षे वेळेवर पुस्तके आणून देणाऱ्या ज्येष्ठ वाचकांना आम्ही खिडकीतून थकबाकी सांगितली, याची आम्हाला मनापासून खंत आहे. वार्षिक अहवालातील ग्रंथसंख्याही या दुबार नोंदींनी फुगेल. शासनाच्या तपासणीत ती दाखल नोंदवहीशी जुळणार नाही आणि प्रश्न ग्रंथालयाच्या विश्वासार्हतेचा होईल.

असे असताना दुबार नोंदींबद्दल आमच्या तीन सहकाऱ्यांना निष्काळजीपणाची ज्ञापने देण्यात आली. नोंद आहे की नाही, हे त्यांनी प्रत्येक वेळी पाहिले होते. उत्तर संगणकाने चुकीचे दिले. या ज्ञापनांनी आम्ही व्यथित झालो आहोत.

म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. दुरुस्ती होईपर्यंत नव्या नोंदी करणे थांबवावे. देवघेव छापील नोंदवहीत करण्याची आमची तयारी आहे.

२. आजच्या स्थितीतील डेटाची प्रत स्वतंत्र ठेवून मगच दुरुस्तीला हात घालावा.

३. पोस्टग्रेससोबतच मिळणाऱ्या ॲमचेक साधनाने सर्व इंडेक्स तपासावेत व त्याचा लेखी अहवाल मंडळापुढे ठेवावा.

४. दुबार नोंदी इंडेक्सवर विसंबून न राहता थेट तक्ते वाचून शोधाव्यात. कोणती नोंद ठेवायची, हे दाखल विभागाने मूळ नोंदवही पाहून ठरवावे. हे काम आधी न झाल्यास दाखल क्रमांकाचा इंडेक्स नव्याने बांधताच येणार नाही, कारण दुबार क्रमांक दिसताच डेटाबेस तो बांधण्यास नकार देईल.

५. त्यानंतर डेटा डंप करून, म्हणजे फाइलींची नक्कल न करता नोंदी बाहेर काढून, आधार चालू असलेल्या, किमान १५व्या आवृत्तीत भरावा. डंपमधून भरताना सर्व इंडेक्स नव्या क्रमाने बांधले जातात. शिवाय १५व्या आवृत्तीपासून डेटाबेसच्या क्रमवारीची आवृत्ती नोंदलेली राहते आणि सिस्टीम बदलल्यास इशारा मिळतो. आपल्या १०व्या आवृत्तीने तो दिला नाही.

६. सध्याचा साप्ताहिक बॅकअप फाइलींची जशीच्या तशी नक्कल आहे, म्हणजे बिघडलेला इंडेक्सही त्यात येतो. त्याच्या जोडीला डंप घ्यावा आणि दर तीन महिन्यांनी तो दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहावा.

७. यापुढील प्रत्येक बदल आधी चाचणी सर्व्हरवर करावा. दिवाळी अंकांचा हंगाम आणि वर्गणी नूतनीकरणाचे दिवस टाळावेत. माघारीची पद्धत लेखी असावी.

८. या काळात आकारलेले विलंब शुल्क तपासून वाचकांना परत करावे आणि सूचना फलकावर दिलगिरी व्यक्त करावी.

९. तिन्ही सहकाऱ्यांची ज्ञापने मागे घेऊन तशी नोंद सेवापुस्तकात करावी.

महोदय, दाखल नोंदवहीतील प्रत्येक ओळ हा ग्रंथालयाने देणगीदाराला आणि वाचकाला दिलेला शब्द असतो. ती वही पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्यांच्या जागी आज आम्ही बसलो आहोत. पडताळणीचे काम सुटीच्या दिवशीही करण्याची आमची तयारी आहे. मंडळाने पंधरा दिवसांत विशेष सभा बोलावून निर्णय घ्यावा आणि आमच्या दोन प्रतिनिधींना बाजू मांडण्याची संधी द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
दाखल, देवघेव व संदर्भ विभागांतील कर्मचारी

सोबत : १. दुबार दाखल क्रमांकांची हस्तलिखित यादी
२. विलंब शुल्काबाबत वाचकांचे तक्रार अर्ज

प्रत माहितीसाठी : मा. कार्यवाह, मा. ग्रंथपाल